माउझर की विंचेस्टर? आबाजींच्या दोन रायफलींतून एक ठेवताना

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या घरी २०१९ सालापर्यंत परवान्यावर तीन शस्त्रे होती: बारा बोअरची एक दुनळी बंदूक, एक माउझर रायफल आणि एक विंचेस्टर रायफल. १४ डिसेंबर २०१९ पासून शस्त्र कायद्यातील दुरुस्ती लागू झाली आणि एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. शस्त्र वारसाहक्काने आलेले असले तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही, हेही त्या दुरुस्तीत स्पष्टपणे लिहिलेले आहे. जास्तीचे शस्त्र वर्षभराच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे होते. दुनळी ठेवायची हे ठरलेलेच होते, कारण तिची काडतुसे आपल्याकडे खडकीच्या कारखान्यात तयार होतात आणि नागपुरात सहज मिळतात. प्रश्न उरला तो दोन रायफलींचा. त्या निमित्ताने जवळजवळ अकरा महिने मी या दोन्ही रायफली उघडल्या, पुसल्या, मोजल्या, रीतसर परवानगी काढून नागपूरच्या एका रेंजवर चालवूनही पाहिल्या. वारसाने आलेल्या अशा जुन्या रायफली विदर्भातल्या बऱ्याच मालगुजारी वाड्यांत अजून आहेत आणि हाच पेच तिथेही पडला असणार, म्हणून हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. या दोन्ही रायफली मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी घडवलेल्या आहेत आणि ते काम त्यांना आता कधीही करायचे नाही. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उरलेल्या शिकारीलाही कडक बंधने घातली, आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे. आबाजी वनखात्याकडे फी भरून शूटिंग ब्लॉक, म्हणजे शिकारीसाठी नेमून दिलेला जंगलाचा भाग, घेत असत तो काळ वेगळा होता. तेव्हा कोणती रायफल चांगली, याचे उत्तर त्यांनी त्यांच्या वहीत लिहून ठेवले आहे आणि त्याकडे मी पुढे येईन. मला मात्र आजच्या घरात, आजच्या कायद्यात आणि आजच्या काडतुसांच्या टंचाईत कोणती ठेवण्याजोगी आहे हे पाहायचे होते.

माउझर आधी घेतो, कारण घरातल्या सर्वांचा ओढा तिच्याकडे होता. ही जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ इथल्या मूळ कारखान्यात बनलेली, १८९८ च्या रचनेची शिकारी रायफल आहे. नळीवर मुकुटाचे चिन्ह आणि त्याखाली ‘एन’ हे अक्षर कोरलेले असल्यामुळे ती दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची आहे हे निश्चित कळते. १९४५ मध्ये फ्रेंच फौजांनी तो कारखाना ताब्यात घेऊन मोडून काढला, त्यामुळे मूळ ओबर्नडॉर्फची शिकारी माउझर ही मोजकीच वस्तू राहिली. तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढून पुढे ढकलला की लोण्यातून सुरी जावी तसा जातो. नव्वद वर्षे होत आली तरी त्यात खडखड नाही. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, बारीक आणि हातात नेमका बसणारा आहे. आमच्या घरच्या काट्यावर तिचे वजन साडेतीन किलोच्या आसपास भरले, म्हणजे या ताकदीच्या रायफलीसाठी ती हलकीच म्हणायची.

माउझरच्या रचनेचे कौतुक जगभर होते ते उगाच नाही. बोल्टच्या उजव्या अंगाला पोलादाची एक लांब पट्टी असते आणि तिच्या टोकाची रुंद नखी काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच त्याची कड पकडते. त्यामुळे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या त्याच्या घरात, पूर्ण जाण्याआधी घाबरून बोल्ट मागे ओढला तरी ते सुटून अडकत नाही आणि त्याच्या पाठीवर दुसरे काडतूस चढत नाही. ज्या प्रसंगासाठी ही रायफल घडवली होती, त्या प्रसंगी ही नखीच माणसाचा जीव वाचवत असे. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आणि कमी बोलली जाणारी आहे. काडतूस मागच्या बाजूने फुटले तर तापलेला वायू बाहेर जाण्यासाठी बोल्टच्या नळकांड्याला छिद्रे ठेवलेली आहेत आणि बोल्टच्या मागच्या टोकाला रुंद कड दिलेली आहे, जेणेकरून तो झोत चालवणाऱ्याच्या डोळ्यांत येऊ नये. बार होताना बोल्ट जागेवर धरून ठेवणाऱ्या पुढच्या दोन खुंट्यांखेरीज त्याला मागे राखीव तिसरी खुंटीही आहे. जुनी काडतुसे चालवणाऱ्याला या तरतुदींचे मोल कळते.

आता तिचे दोष. पहिला दोष सेफ्टीचा. बोल्टच्या मागच्या टोकावर पंखासारखी एक पट्टी आहे. ती डावीकडे असली की रायफल चालते, उभी केली की थांबते पण बोल्ट उघडता येतो, आणि उजवीकडे नेली की सगळेच बंद होते. रचना उत्तम आहे, कारण ती नुसता चाप अडवत नाही, तर टोपीवर आघात करणारी पिनच धरून ठेवते. परंतु वर दुर्बीण बसवली की ही पट्टी उभी करायला जागा उरत नाही. माझे वय आता नळीच्या टोकावरच्या उघड्या मक्खीवर नेम धरण्याचे राहिलेले नाही, हे रेंजवर पहिल्या दहा मिनिटांतच समजले.

दुसरा दोष चापाचा, आणि माझ्या दृष्टीने तो अधिक गंभीर आहे. आमच्या माउझरला एकापाठोपाठ एक असे दोन चाप आहेत. मागचा ओढून ठेवला की पुढचा इतका हलका होतो की बोटाचा नुसता स्पर्श पुरतो. मचाणावर बसून, दस्ता टेकवून, सावकाश नेम धरणाऱ्याला हे वरदान वाटत असेल. ज्याला अशा चापाची सवय नाही त्याच्यासाठी ती धोक्याची वस्तू आहे. रेंजवर माझ्या चुलतभावाने, जो बारा बोअर लहानपणापासून चालवत आला आहे, मागचा चाप ओढल्यानंतर नेम धरायच्या आधीच बार काढला. नळी निशाणाकडे होती म्हणून त्या गोष्टीची चर्चा नंतर चहावर झाली.

तिसरा दोष रायफलीचा नसून तिच्या काडतुसाचा आहे, आणि निर्णय शेवटी बराचसा तिथेच झाला. ही रायफल १०.७५ × ६८ मिलिमीटरच्या काडतुसाची आहे. आपल्याकडे परवान्यावर तिची नोंद ‘.४२३ माउझर’ अशी सापडते. गोळी ३४७ ग्रेनची, म्हणजे साधारण साडेबावीस ग्रॅमची, आणि वेग सेकंदाला ६७० मीटरच्या आसपास. आकडे वाचायला दणदणीत आहेत. पण गोळी जाड आणि त्या मानाने आखूड असल्यामुळे ती खोल जात नाही, ही तक्रार शिकारीच्या काळापासून आहे. आबाजींच्या वहीत एका रानडुकराच्या नोंदीपुढे त्यांनी लिहिले आहे की गोळी खांद्याच्या कातड्यावरच फुलून गेली आणि दुसरे काडतूस खर्ची पडले. त्याच पानावर खाली, वेगळ्या शाईने, ‘गव्यावर ही नेऊ नये’ असे एकच वाक्य आहे. ज्यांच्याकडे हीच रायफल असेल त्यांच्यासाठी आणखी एक सूचना: .४०४ जेफ्री या काडतुसाच्या गोळीची जाडी जवळजवळ इतकीच असल्याने जुन्या कागदपत्रांत आणि कधीकधी दुकानदाराच्या बोलण्यातही दोघांची सरमिसळ होते. त्या काडतुसाचे कवच लांबीला ७३ मिलिमीटर आहे. एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही आणि चालवून पाहण्याचा प्रयत्नही करू नये.

विंचेस्टरकडे वळताना मन थोडे अनिच्छेनेच वळले, हे कबूल करतो. ती आबाजींनी पुढे एका निवृत्त अधिकाऱ्याकडून घेतलेली, मॉडेल ७०, .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम या काडतुसाची आहे. दिसायला जाडजूड, दस्ता भरलेला, वजन चार किलोच्या वर. माउझरशेजारी ठेवली की पाटलाशेजारी त्याचा गडी उभा राहावा तशी दिसते. बाबा तिला शेवटपर्यंत ‘अमेरिकन मुसळ’ म्हणत.

मॉडेल ७० अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या कारखान्यात १९३६ पासून बनू लागले. तिची मूळ रचना माउझरचीच आहे. तीच लांब पट्टी, तीच नखी, काडतूस वर येतानाच पकडण्याची तीच पद्धत. १९६४ मध्ये खर्च कमी करण्यासाठी कंपनीने ही पट्टी काढून टाकली आणि बोल्ट साधा केला. तेव्हापासून ‘चौसष्टपूर्वीची’ आणि ‘चौसष्टनंतरची’ असे दोन भाग पडले आणि जुन्या मालाचा मान वाढला. कंपनीला नखी परत आणायला १९९२ साल उजाडले आणि न्यू हेवनचा तो कारखाना २००६ मध्ये बंद झाला. वारशाने अशी रायफल आलेली असेल तर क्रमांक पाहावा: चौसष्टनंतरच्या मालाची क्रमांकमाला ७,००,००० पासून सुरू होते, त्याखालचा क्रमांक आणि बाजूला लांब पट्टी असेल तर ती जुनी समजावी. आमची जुनी आहे. क्रमांक इथे देत नाही, कारण तो परवान्याचा भाग आहे.

माउझरकडून घेतलेल्या रचनेत विंचेस्टरच्या कारागिरांनी दोन गोष्टी सुधारल्या आणि एक बिघडवली. सेफ्टी त्यांनी आडवी फिरणारी केली, त्यामुळे दुर्बिणीखाली ती सहज चालते. अवस्था तीनच आहेत आणि पिन धरून ठेवण्याचे तत्त्वही तेच आहे. चाप एकच, अगदी साधा, मोजक्या भागांचा आणि उघडा असल्यामुळे त्यात धूळ किंवा साळीचे तूस गेले तरी फुंकर मारून निघते. वाड्यात धानाच्या मळणीचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा मुद्दा बारीक वाटणार नाही. बिघडवली ती वायूची तरतूद. काडतूस मागून फुटले तर विंचेस्टर माउझरइतके संरक्षण देत नाही. म्हणून जुनी काडतुसे चालवताना डोळ्यांना जाड चष्मा लावल्याशिवाय मी तिला हात लावत नाही. या एका बाबतीत जर्मन रायफल निर्विवाद वरचढ आहे.

काडतुसाच्या बाबतीत मात्र तुलना एकतर्फी होते. .३७५ मॅग्नम १९१२ मध्ये लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने काढले आणि शंभर वर्षांनंतरही जगभरातल्या कंपन्या ते बनवत आहेत. ३०० ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदाला ७७० मीटरच्या आसपास जाते. गोळी माउझरच्या गोळीपेक्षा हलकी असली तरी बारीक आणि लांब आहे, म्हणून ती सरळ आणि खोल जाते. आबाजींच्या वहीत विंचेस्टरच्या नोंदी कमी आहेत, पण कोणत्याही नोंदीपुढे दुसरे काडतूस नाही. आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला परदेशी काडतुसे मिळणे जवळजवळ बंद असल्यामुळे या लोकप्रियतेचा आज मला थेट लाभ नाही, हेही मान्य करायला हवे. आपले सरकारी कारखाने .३१५ आणि .३०-०६ ची काडतुसे बनवतात. या दोन्ही रायफलींना त्यांचा उपयोग नाही. तरीही नागपूर, जबलपूर, हैदराबादकडच्या जुन्या विक्रेत्यांकडे विचारणा केली तेव्हा .३७५ चा एखादा डबा निघण्याची आशा दोघांनी दाखवली. .४२३ चे नाव काढल्यावर एकाने मला फोनवर दोनदा उच्चार करायला लावला.

रेंजवरचा दिवस डिसेंबरातला होता. निशाण ५० मीटरवर, दस्ता वाळूच्या पोत्यावर, आणि चालवायला घरात उरलेल्या काडतुसांपैकी दर रायफलीची पाच. विंचेस्टरची पाचही वाजली आणि पाचही भोके माझ्या तळहाताखाली झाकली गेली. माउझरची दोन फुसकी निघाली आणि तिसरे चाप ओढल्यानंतर क्षणभर थांबून वाजले. जुन्या काडतुसांचा हा सर्वांत वाईट प्रकार. बार झाला नाही म्हणून लगेच बोल्ट उघडला तर ते हातातच फुटू शकते. नळी निशाणाकडे धरून पूर्ण मिनिटभर शांत बसावे लागते आणि ते मिनिट फार लांब असते. उरलेली दोन वाजली व एकमेकांजवळ लागली, त्यावरून नळीत दोष नाही एवढे कळले.

या चाचणीत एक अन्याय आहे तो लपवत नाही. माउझरची काडतुसे वर्षानुवर्षे कवेलूच्या छपराखाली माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होती, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो तेव्हा त्या माळ्यावर काय होत असेल याची कल्पना करावी. विंचेस्टरची काडतुसे खालच्या मजल्यावर, मातीच्या जाड भिंतीतल्या तिजोरीत होती. म्हणजे फुसकेपणाचा काही भाग आमच्या घराण्याच्या निष्काळजीपणाकडे जातो. पण आता ती काडतुसे तशीच आहेत आणि नवी मिळणार नाहीत, त्यामुळे न्याय करूनही हाती काही लागत नव्हते.

धक्क्याविषयी थोडक्यात. कागदावर विंचेस्टरची ताकद जास्त आहे, पण वजन आणि दस्त्याच्या टोकाची रबरी गादी यांमुळे तिचा धक्का जोराने ढकलल्यासारखा येतो. माउझर हलकी, तिचा दस्ता बारीक आणि टोकाला पोलादी पट्टी आहे. तिचा धक्का खांद्याच्या हाडावर ठोसा बसावा तसा बसतो. दुसऱ्या दिवशी खांदा निळा होता आणि तो कोणत्या रायफलीने झाला याविषयी घरात मतभेद झाले नाहीत.

देखभालीचा प्रश्न शहरातल्या वाचकाला गौण वाटेल, पण खेड्यात तो मोठा आहे. निवडणूक आली की आदेशाप्रमाणे शस्त्रे ठाण्यात जमा करावी लागतात आणि निकालानंतर परत मिळतात. २०१९ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. दुसऱ्या वेळी परत मिळाली तेव्हा माउझरच्या नळीवर, मक्खीच्या मागे, बोटभर लांबीचा गंज चढलेला होता. विंचेस्टर त्याच मालखान्यात, त्याच भिंतीला टेकून होती, आणि तिला फक्त बोल्टच्या मुठीवर तांबूस ठिपके आले. माउझरचा निळसर-काळा मुलामा जुना आणि झिजलेला असल्यामुळे हे घडले असावे. ठाणेदार साहेबांशी बोललो. त्यांनी ऐकून घेतले आणि पुढच्या वेळी तेल जास्त लावून आणा असे सांगितले. सल्ला अगदी चुकीचा नव्हता.

गावात रायफल ठेवणाऱ्याला आणखी एक गोष्ट सोसावी लागते. धान लोंबीवर आला की डुकरे बांधीत उतरतात आणि कोणीतरी संध्याकाळी वाड्यावर येऊन म्हणतो, ‘भाऊ, तुमची मोठी रायफल एकदा काढा ना.’ २०१८ मध्ये पांढरकवड्याच्या टी-१ वाघिणीचे प्रकरण गाजत होते तेव्हा तर हे दर आठवड्याला ऐकू येई. दरवेळी मला तेच उत्तर द्यावे लागते: वनखात्याच्या परवानगीशिवाय डुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारणे गुन्हा आहे. पीकसंरक्षणासाठी कायदा ज्या परवान्याची तरतूद करतो तो ठासणीच्या, फार तर गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा आहे, रायफलीचा नाही. आणि या रायफलीची गोळी चुकली तर ती बांधावर थांबत नाही, पुढच्या गावाच्या शिवारात जाऊन पडते. सपाट धानशेतात, जिथे गोळी अडवायला मागे टेकडी नाही, तिथे .३७५ काय किंवा .४२३ काय, दोन्ही काढण्याजोग्या नाहीत. पिकाच्या दृष्टीने दोघींचे गुण सारखेच, म्हणजे शून्य.

मग ठेवायचीच कशाला, असे माझ्या मुलीने विचारले. प्रश्न रास्त होता. माझे उत्तर असे की वस्तू चालू स्थितीत, नियमित तपासलेली आणि वर्षातून एकदा रेंजवर वाजवता येणारी असेल तरच तिचा परवाना बाळगण्याला अर्थ आहे. नुसती भिंतीवरची आठवण हवी असेल तर आबाजींचा फोटो पुरेसा आहे. या कसोटीवर माउझर उतरत नव्हती. तिची कारागिरी दोघींत श्रेष्ठ आहे, हे मी आजही म्हणेन. परंतु नवी काडतुसे न मिळणारी, चाप घरातल्या पुढच्या पिढीला धोक्याचा, दुर्बीण लावता न येणारी आणि अंगावर गंज धरणारी रायफल केवळ ती सुंदर आहे म्हणून ठेवणे मला पटले नाही. मी विंचेस्टर ठेवली. काकाजी महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

ज्यांच्याकडे माउझरची काडतुसे सुस्थितीत आणि पुरेशी असतील, चाप साधा एकेरी असेल आणि घरात लहान मुले नसतील, त्यांनी उलटा निर्णय घेतला तर मी त्यांना दोष देणार नाही. फक्त जमा करण्याच्या कामाला उशीर करू नये. मी नोव्हेंबर २०२० मध्ये नागपूरच्या परवानाधारक विक्रेत्याकडे माउझर दिली, पावती घेतली, आणि परवान्यावरची नोंद कमी करून घ्यायला जिल्ह्याच्या ठिकाणी चार खेपा झाल्या. पावतीवर बोअर आणि क्रमांक परवान्याप्रमाणेच लिहिला आहे ना, हे तिथेच उभे राहून वाचून घ्यावे. आमच्या पावतीवर आधी .४०४ लिहिले गेले होते, तेवढ्यावरून एक खेप वाढली.

विंचेस्टर २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत ठाण्यात जाऊन आली आणि या वेळी जाड तेलाच्या थरामुळे स्वच्छ परतली. दुर्बीण अजून बसवलेली नाही. दस्त्याची रबरी गादी मात्र दगडासारखी कडक झाली असून तिच्या खालच्या कोपऱ्याला चीर गेली आहे. तिच्या मापाची नवी गादी बसवून देणारा कारागीर मी सध्या शोधतो आहे.